काडीमोड, पोटगी आणि मुलांचा ताबा

पती-पत्नी विभक्त होण्याच्या प्रश्नाला लेखी कायद्याची चौकट देण्याचे जे प्रयत्न मराठी मुलखात झाले, त्यांत कोल्हापूर संस्थानाचा क्रम फार वरचा लागतो. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या टप्प्यात, १९१७ ते १९२० या अवघ्या तीन-चार वर्षांत, संस्थानाने कुटुंबाशी निगडित कायदे एकामागून एक केले. १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देऊन त्याच्या नोंदणीची सोय करण्यात आली, १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार मिळाला, त्याच वर्षी स्त्रियांना क्रूरपणे वागवणाऱ्यांना शिक्षा ठरवणारा आणि काडीमोडीचे नियमन करणारा असे आणखी दोन कायदे झाले, तर १९२० मध्ये देवाला मुली वाहण्याच्या प्रथेवर कायद्याने घाव घालण्यात आला. हे कायदे सुटे सुटे वाचले तर प्रत्येकाचे मोल कळते, पण एकत्र वाचले तर त्यांमागचा विचार दिसतो. घरात होणारा छळ, मोडलेला संसार आणि नव्याने मांडायचा संसार या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि त्यांपैकी एकीचीच सोय केल्याने बाईची सुटका होत नाही, हे त्या काळी ओळखले गेले होते.

काडीमोड ही प्रथा अर्थात त्याहून पुष्कळ जुनी होती. शेतकरी, कारागीर आणि श्रमिक जातींमध्ये पंचांसमक्ष काडी मोडून पती-पत्नी वेगळे होत आणि स्त्रीला पाट लावून, म्हणजे दुसऱ्या विवाहाच्या साध्या विधीने, पुन्हा संसार करता येई. ज्या जाती स्वतःला उच्चवर्णीय म्हणवून घेत त्यांच्यात मात्र स्त्रीसाठी ही वाट बंद होती. ब्रिटिश मुलखातील न्यायालयांनी या प्रथेकडे संशयानेच पाहिले. नवऱ्याची संमती नसताना केवळ जातीने परवानगी दिली म्हणून विवाह मोडत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ मध्ये दिला होता. बडोदा संस्थानाने १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, मुंबई प्रांताने १९४७ मध्ये. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १८ मे १९५५ पासून हिंदू विवाह कायदा लागू झाल्यावर हे सगळे प्रांतिक आणि संस्थानी कायदे इतिहासजमा झाले.

काडीमोड मात्र पूर्णपणे इतिहासजमा झाली नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ च्या दुसऱ्या पोटकलमाने रूढीनुसार मिळालेल्या घटस्फोटाचा हक्क शाबूत ठेवला आहे. अट एवढीच की अशी रूढी त्या जातीत प्राचीन काळापासून अखंड चालत आलेली आहे, हे ती सांगणाऱ्याने पुराव्यानिशी सिद्ध केले पाहिजे. हा अपवाद अरुंद आहे, आणि त्याचा गैरसमज करून घेतल्याने दरवर्षी कितीतरी कुटुंबे अडचणीत येतात. दोन्हीकडचे पाहुणे बसून बैठक करतात, शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहिली जाते, नोटरीचा शिक्का बसतो आणि सगळे समजतात की विषय संपला. रूढी सिद्ध होत नसेल तर अशा कागदाने विवाह मोडत नाही. त्या भरवशावर केलेला दुसरा विवाह रद्दबातल ठरतो, द्विभार्या किंवा द्विपती विवाहाचा गुन्हा, जो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये आहे, अंगावर येऊ शकतो आणि वारसाच्या वेळी, निवृत्तिवेतनाच्या वेळी किंवा अपघाताच्या भरपाईच्या वेळी दोन पत्नींचे दावे समोरासमोर उभे राहतात. पोलिसांच्या महिला कक्षात किंवा समुपदेशन केंद्रात झालेला समझोताही पुढील वाटाघाटींना उपयोगी पडतो, पण तो हुकूमनामा नव्हे. हुकूमनामा म्हणजे न्यायालयाने पक्षकारांचे हक्क ठरवून दिलेला लेखी निर्णय, आणि विवाहाच्या बाबतीत त्याची जागा दुसरे कोणतेही कागदपत्र घेत नाही. जातपंचायत न्यायालयात जाण्यापासून अडवत असेल किंवा वाळीत टाकण्याची धमकी देत असेल, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून अमलात आहे आणि त्याखाली ही कृत्ये गुन्हा ठरतात.

कोणता कायदा कोणाला लागू होतो, याचाही कोल्हापूरच्या संदर्भात खुलासा केला पाहिजे, कारण या जिल्ह्यात जैन आणि लिंगायत समाज मोठ्या संख्येने आहेत. हिंदू विवाह कायदा हिंदूंबरोबरच जैन, बौद्ध आणि शीख यांनाही लागू होतो, तर वीरशैव व लिंगायत यांचा उल्लेख त्याच्या कलम २ मध्येच आहे. मुस्लीम स्त्रीला १९३९ च्या मुस्लीम विवाहविच्छेद कायद्याखाली न्यायालयाकडे घटस्फोट मागता येतो आणि एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९ च्या कायद्याने निरर्थक व दंडनीय ठरवला आहे. ख्रिस्ती दांपत्यांना १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे आणि नोंदणी पद्धतीने झालेल्या विवाहांना १९५४ चा विशेष विवाह कायदा.

विभक्त होण्याच्या वाटा दोन. पहिली परस्पर संमतीची, जी १९७६ च्या दुरुस्तीने कलम १३-ब म्हणून हिंदू विवाह कायद्यात आली. पती-पत्नी किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. त्यानंतर दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिने थांबायचे आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा न्यायालयासमोर येऊन संमती कायम असल्याचे सांगायचे. हा सहा महिन्यांचा काळ अटळ नाही. दीड वर्षाहून अधिक काळ वेगळे राहणाऱ्या, पोटगी व मुलांचा ताबा यांबाबत खरोखर निकाल लावून टाकलेल्या आणि समेटाचे प्रयत्न थकलेल्या दांपत्यांना तो माफ करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. दुसरी बाजूही ध्यानात ठेवण्याजोगी आहे : हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून पहिल्या तारखेलाच सगळी रक्कम देऊन टाकणे किंवा सगळे दावे काढून घेणे शहाणपणाचे नसते. रक्कम आणि माघार दोन्ही टप्प्याटप्प्याने, अर्जातच लिहून, ठरवलेली बरी.

दुसरी वाट कारण दाखवून घटस्फोट मागण्याची. क्रूर वागणूक, दोन वर्षांचा परित्याग, व्यभिचार, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार अशी कारणे कायद्यात दिलेली आहेत आणि त्यांपैकी सर्वांत अधिक वापर क्रूरतेचा होतो. या कारणाचा आजचा अर्थ घडवण्यात एका महाराष्ट्रीय दांपत्याच्या खटल्याचा वाटा मोठा आहे. दास्ताने विरुद्ध दास्ताने या १९७५ च्या प्रकरणात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालाने दोन गोष्टी ठरवल्या. फौजदारी खटल्याप्रमाणे क्रूरता निःसंशय सिद्ध करावी लागत नाही, दोन्ही बाजूंचा पुरावा तोलून जे अधिक संभवनीय दिसते ते पुरेसे असते. आणि क्रूर वागणूक माफ करून सहजीवन पुन्हा सुरू केले असेल, तर त्याच जुन्या घटनांवर दाद मागता येत नाही. पतीची बाजू क्रूरतेबाबत मान्य होऊनही त्याचा दावा फेटाळला गेला तो या दुसऱ्या कारणाने. त्या वेळी क्रूरता हे केवळ न्यायिक विभक्ततेचे, म्हणजे विवाह कायम ठेवून वेगळे राहण्याच्या परवानगीचे, कारण होते. पुढच्याच वर्षी ते घटस्फोटाचेही कारण झाले. विवाह कायमचा मोडून पडला आहे, एवढे एकच कारण मात्र अजूनही कायद्यात नाही. त्या आधारे विवाह संपवण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली फक्त सर्वोच्च न्यायालय वापरते, आणि २०२३ मध्ये घटनापीठाने तो मान्य केला असला तरी कोणत्याही पक्षकाराला तो हक्क म्हणून मागता येत नाही.

येथवर जे सांगितले ते पती-पत्नीच्या नात्याविषयी. आई-बापाचे नाते कायद्याच्या दृष्टीने पूर्णपणे वेगळे आहे, आणि विभक्त होणाऱ्या जोडप्यांनी सर्वांत आधी हेच समजून घ्यावे असे आहे. घटस्फोटाचा दावा जिंकणारा मूल जिंकत नाही आणि हरणारा मूल हरत नाही. विवाह मोडण्यात दोष कोणाचा, हा प्रश्न मुलाचा ताबा ठरवताना तेवढ्यापुरताच येतो, जेवढा त्या दोषाचा मुलाच्या वाढीशी संबंध असतो. १८९० चा पालक व पाल्य कायदा आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा या दोहोंचा रोख एकच आहे : मुलाचे हित सर्वोपरी. येथे ‘अज्ञान’ म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती, आणि ‘हित’ म्हणजे केवळ पैसा नव्हे, तर मुलाचे आरोग्य, शिक्षण, भावनिक आधार, भावंडांची सोबत आणि रोजच्या आयुष्यातील स्थैर्य.

पालकत्व आणि ताबा हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्यांचे परिणाम निराळे आहेत. ताबा म्हणजे मूल रोज कोणाजवळ राहते. पालकत्व म्हणजे मुलाच्या मालमत्तेविषयी, शिक्षणाविषयी, उपचारांविषयी निर्णय घेण्याचा आणि त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार. १९५६ च्या कायद्याने नैसर्गिक पालक म्हणून प्रथम बापाचे आणि ‘त्याच्यानंतर’ आईचे नाव लिहिले, आणि मुलाच्या नावाने रोखे घेण्याच्या अर्जावर केवळ आईची सही आहे म्हणून रिझर्व्ह बँकेने तो अडवला, तेव्हा लेखिका गीता हरिहरन यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९९९ च्या निकालाने ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ बापाच्या मृत्यूनंतर असा न घेता त्याच्या अनुपस्थितीत असा घेतला, आणि ही अनुपस्थिती बाप मुलाकडे लक्ष देत नसला तरीही असू शकते. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, असे याच कायद्याचे कलम ६ सांगते. गोव्यातील एका दांपत्याच्या प्रकरणात तान्ह्या मुलाचा ताबा उच्च न्यायालयाने बापाकडे दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तो निर्णय बदलला आणि इतक्या लहान मुलासाठी आई अयोग्य आहे हे दाखवण्याचा भार बापावर असतो, असे सांगितले. पाच वर्षांनंतर मात्र ताबा आपोआप बापाकडे जात नाही. तो समज गावोगाव पक्का असला तरी चुकीचा आहे. स्वतःचे मत बनवण्याइतके मूल मोठे असेल तर न्यायाधीश त्याच्याशी आपल्या कक्षात, आई-बाप समोर नसताना बोलतात, आणि त्याचे म्हणणे विचारात घेतात. पण ते मत निर्णायक नसते, कारण घोकून घेतलेले वाक्य आणि मनातले वाक्य यांतला फरक अनुभवी न्यायाधीशाला आणि समुपदेशकाला कळतो.

ज्याच्याजवळ मूल राहत नाही, त्या पालकाला भेटीचा हक्क असतो, आणि नीट विचार केला तर तो मुलाचाच हक्क आहे. आई-बाप दोघांचेही प्रेम मिळण्याचा मुलाला हक्क आहे आणि दूर राहणाऱ्या पालकाला प्रत्यक्ष भेटीबरोबर व्हिडिओ कॉलवरून नियमित बोलता आले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले. व्यवहारात भेटींवरून जे तंटे होतात, त्यांचे मूळ बहुतेकदा हुकूमनाम्यातील मोघम भाषेत असते. ‘सोयीनुसार भेट द्यावी’ या शब्दांतून पुढची पाच वर्षे भांडण निघत राहते. त्याऐवजी महिन्यातील कोणते शनिवार-रविवार, मे महिन्याच्या सुट्टीचे कोणते पंधरा दिवस, गणपती कोणत्या घरी आणि दिवाळी कोणत्या घरी, मूल आणायचे-पोचवायचे कोणी, शाळेच्या पालकसभेला कोण जाणार, आजारपणात दुसऱ्या पालकाला किती वेळात कळवायचे, पारपत्र कोणाजवळ राहणार आणि मुक्काम दुसऱ्या शहरात हलवायचा झाल्यास किती आधी सांगायचे, हे सगळे लिहून घेतले तर मुलालाही पुढचा दिवस कसा जाणार ते ठाऊक असते. आजी-आजोबांचा उल्लेखही तेथे असावा. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मुलाला त्यांचा विरह आई-बापाच्या विरहाइतकाच लागतो. भेट नाकारली म्हणून पोटगी थांबवणे किंवा पोटगी थकली म्हणून भेट नाकारणे, या दोन्ही गोष्टी कायद्याला मान्य नाहीत, कारण दोन्हींत भुर्दंड मुलाला बसतो. विधी आयोगाने मे २०१५ मधील २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद कायद्यात करण्याची शिफारस केली होती. तशी दुरुस्ती झालेली नसली, तरी आई-बापांनी सहमतीने मागितल्यास न्यायालये असे हुकूम देऊ शकतात.

पोटगीचा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यात एका खास कारणाने बिकट होतो. पोटगीचे बहुतेक दाखले नोकरदाराच्या पगारपत्रकावर आधारलेले असतात, आणि या जिल्ह्यातील उत्पन्न पगारातून कमी, ऊस, दूध, यंत्रमाग, चांदीकाम आणि छोट्या धंद्यांतून अधिक येते. जमीन सासऱ्याच्या नावावर, उसाचे बिल दिराच्या खात्यात आणि दूध सासूच्या नावाने डेअरीला, अशी मांडणी असेल तर नवरा न्यायालयात आपण बेकार असल्याचे सांगू शकतो. यावर आज सर्वांत उपयोगी साधन म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या राजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात, घालून दिलेले मत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र, म्हणजे उत्पन्न, मालमत्ता, कर्जे आणि खर्च यांचा शपथेवर दिलेला तपशील. तो दोघांनीही द्यायचा असतो आणि शेती करणाऱ्यांना जमीन व पिकांची माहितीही द्यावी लागते. सात-बारा आणि आठ-अ उतारे, साखर कारखान्याची बिले, दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलांच्या नोंदी, सेवा संस्थेचे पीककर्ज आणि बँकेचे उतारे एकत्र ठेवले की शपथेवरच्या दारिद्र्याची पारख होते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हेही याच निकालाने ठरवले. त्यामुळे तारखा लांबवून देणे टाळण्याचा मोह कमी झाला. नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के, असा आकडा वारंवार ऐकू येतो, पण तो पक्का नियम नाही. रक्कम प्रत्येक कुटुंबाच्या परिस्थितीवर ठरते.

पोटगी मागण्याचे मार्ग अनेक आहेत. दावा चालू असताना हिंदू विवाह कायद्याचे कलम २४, निकालानंतर कलम २५, धर्म कोणताही असो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, जे १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ च्या जागी आले, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, हे चारही वेगवेगळे आहेत. एकाखाली मिळालेली रक्कम दुसऱ्या अर्जात उघड करावी लागते आणि ती वजा धरली जाते. मुलाची पोटगी हा मुलाचा स्वतःचा हक्क आहे. ‘मला काही नको, फक्त मोकळी करा’ असे म्हणणारी आई स्वतःपुरते सोडू शकते, मुलाच्या वतीने तिने लिहून दिलेली माघार मुलाला बांधत नाही. अविवाहित मुलगी स्वतःचा खर्च चालवू शकत नसेल तर अठराव्या वर्षानंतरही तिचा भार बापावर राहतो.

घर आणि जमीन यांबाबत कायदा पत्नीशी तितका उदार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. संसाराच्या काळात दोघांच्या कष्टांतून उभी राहिलेली मालमत्ता घटस्फोटाच्या वेळी दोघांत वाटली जावी, असा नियम भारतात नाही. उतारा ज्याच्या नावाचा, मालमत्ता त्याची. शेतात भांगलण केलेल्या, गोठा सांभाळलेल्या बाईच्या हाती रिकामी ओंजळ येते ती येथे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने चालवलेली लक्ष्मीमुक्तीची मोहीम आणि तिच्या मागोमाग राज्य शासनाने सात-बारावर पत्नीचे नाव लावण्यासाठी केलेली सोय यांचे महत्त्व म्हणूनच मोठे आहे, कारण भांडण होण्याआधी लागलेले नाव भांडणानंतर पुसता येत नाही. स्त्रीधन, म्हणजे लग्नात व नंतर तिला मिळालेले दागिने, भांडी, रोकड, हे मात्र निर्विवाद तिचे आहे आणि सासरच्यांकडे ते केवळ विश्वासाने ठेवलेले असते. राहण्याचा हक्कही आहे : घर सासऱ्याच्या मालकीचे असले तरी ती जेथे नांदत होती ते सामायिक घर ठरू शकते आणि कायदेशीर मार्गाखेरीज तिला बाहेर काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये ठरवले.

दावा कोठे दाखल करायचा, हा प्रश्न येथे पुष्कळदा राज्याची सीमा ओलांडतो. १९८४ च्या कायद्याने निर्माण झालेले कौटुंबिक न्यायालय कोल्हापुरात आहे. त्याच्या हद्दीबाहेरील तालुक्यांतील विवाहविषयक दावे दिवाणी न्यायालयांत चालतात. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात, समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे, सुनावणी पक्षकारांच्या मागणीवरून बंद दाराआड होऊ शकते आणि वकील देणे हा हक्क नसला तरी परवानगी सहसा मिळते. उत्पन्न कितीही असो, प्रत्येक स्त्रीला आणि बालकाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे. विवाह जेथे झाला, दोघे शेवटी जेथे एकत्र राहिले किंवा प्रतिवादी जेथे राहतो, तेथे दावा करता येतो आणि २००३ पासून पत्नीला ती सध्या राहते तेथेही करता येतो. ताब्याचा अर्ज मात्र मूल सामान्यतः जेथे राहते तेथेच करावा लागतो.

निपाणी, चिकोडी, बेळगाव या भागांशी कोल्हापूरची सोयरीक पिढ्यान् पिढ्यांची आहे. नवऱ्याने कोल्हापुरात आणि माहेरी गेलेल्या पत्नीने निपाणीत दावा लावला, तर दोन न्यायालयांत अंतर तासाभराचे असते, पण ती दोन राज्यांत असल्याने एक दावा दुसरीकडे वर्ग करण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ प्रमाणे फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. तासाभराच्या अंतरासाठी दिल्लीत अर्ज करावा लागतो. अशा कुटुंबांनी दावा लावण्यापूर्वीच दोन्ही बाजूंच्या वकिलांकरवी एका न्यायालयावर सहमती करून घेतल्यास पैसा आणि मुलांची वर्षे दोन्ही वाचतात.

अपिलाचे अंतर मात्र अलीकडे कमी झाले आहे. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावरचे अपील उच्च न्यायालयात जाते, आणि चाळीसहून अधिक वर्षांच्या मागणीनंतर मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोरील जुन्या न्यायालय इमारतीत, सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. अपिलाची मुदत कौटुंबिक न्यायालय कायद्यात तीस दिवस आणि हिंदू विवाह कायद्यात नव्वद दिवस अशी वेगवेगळी लिहिलेली असली, तरी हिंदू विवाह कायद्याखालील हुकूमनाम्यांना नव्वद दिवसांचीच मुदत लागू होते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ठरवले आहे. ती मुदत संपेपर्यंत, किंवा केलेल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत, पुन्हा विवाह करता येत नाही. परस्पर संमतीच्या हुकूमनाम्यावर सहसा अपील नसते. ताबा, भेट आणि मुलाच्या पोटगीचे हुकूम मात्र कधीच कायमचे बंद होत नाहीत : मुलाचे वय वाढले, शाळा बदलली, एखाद्या पालकाने पुन्हा विवाह केला किंवा गाव सोडले, तर त्याच न्यायालयात साधा अर्ज करून ते बदलून मागता येतात.